दुसऱ्या कागदाची साक्ष

पुरलेल्या धनाच्या गोष्टींवर आमचा विश्वास नाही, असे आम्ही चारचौघांत नेहमी सांगत आलो. तरीही एका मे महिन्यात, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून, आम्ही अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातला बीलचा खजिना शोधत बसलो होतो हे कबूल केले पाहिजे. कुदळ-फावड्याने नव्हे, कागद-पेन्सिलीने.

ही कथा १८८५ साली लिंचबर्ग येथे निघालेल्या एका पुस्तिकेतली. थॉमस बील नावाच्या कुणी गृहस्थाने १८१९ आणि १८२१ मध्ये सोने-चांदी बेडफर्ड काउंटीत पुरली, तीन सांकेतिक कागद पेटीत घालून ती एका हॉटेलचालकाकडे ठेवली, आणि तो परतला नाही. पहिल्या कागदात जागा, दुसऱ्यात ऐवज, तिसऱ्यात साथीदारांची व वारसांची नावे. तिन्हींत केवळ आकडे. पैकी दुसरा उलगडला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील शब्दांना क्रमांक द्यायचे आणि आकड्याच्या जागी त्या शब्दाचे आद्याक्षर घ्यायचे, की मजकूर जुळतो.

या दुसऱ्या कागदानेच आम्हांस भुलविले. एक कुलूप उघडले म्हणजे उरलेल्या दोहोंमागेही काही असणारच, असे मन धरून चालते. वास्तविक तो कागद एवढेच सिद्ध करतो की, रचणाऱ्यापाशी जाहीरनाम्याची प्रत होती. जमिनीत काय आहे याची साक्ष पुस्तिकेबाहेर कोठेच नाही.

पुस्तिकेतली साक्ष तपासू लागावे, तर तीही डळमळते. तिसऱ्या कागदात ६१८ आकडे आहेत. तीस माणसांची नावे, त्यांचे वारस आणि पत्ते त्यात कसे मावावेत? माणशी जेमतेम वीस अक्षरे! १८२२ च्या म्हणून छापलेल्या पत्रात ‘स्टॅम्पीड’ हा शब्द येतो. छापील इंग्रजीत त्याची उदाहरणे मिळतात ती त्या सालानंतरची. १९८० साली जिम गिलोग्ली यांनी पहिल्या कागदालाही जाहीरनाम्याचीच किल्ली लावली. अर्थ लागला नाही, पण एका ठिकाणी अक्षरे जवळजवळ वर्णानुक्रमाने आली. कुणी वेळ काढण्यासाठी आकडे भरत गेल्यासारखी! त्यातही आणखी खोल संकेत आहे, असे मानणारे आहेतच.

आम्हीही मानत होतो. एके रात्री, कितव्या तरी किल्लीने, सलग चार अक्षरांत इंग्रजीतला ‘खडक’ उमटला. झोप उडाली, नकाशावर खडक शोधून झाले. सकाळी पुन्हा मोजले, तेव्हा किल्लीतला एक शब्द मोजायचा राहून गेला होता. तो धरताच खडक नाहीसा झाला. आणि तो टिकला असता तरी काय? पाचशे वीस आकड्यांना इतक्या किल्ल्या लावल्यावर कुठेतरी एखादा शब्द निघणारच.

मग मुकाट्याने गठ्ठा पुढे ओढला. एका विद्यार्थिनीने कवितेचा भलताच अर्थ लावला होता. ‘आधार काय?’ असे लाल शाईने लिहिताना हात थांबला. हीच कविता आम्ही कित्येक वर्षे शिकवीत आलो. पहिले कडवे आमच्या अर्थाने नेमके उलगडते, म्हणून उरलेल्या दोन कडव्यांनाही आम्ही तीच किल्ली लावली. जिथे अक्षरे जुळली नाहीत, तिथे ‘येथे कवी सूचकतेने बोलतो’ असे सांगून पुढे गेलो. मुलांनी ते उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले, आणि आम्ही गुण दिले.

त्या वर्षी पुन्हा ती कविता आली, तेव्हा पहिले कडवे नेहमीसारखे शिकविले. दुसऱ्याशी आल्यावर म्हणालो, “याचा अर्थ आम्हांला लागलेला नाही.” वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, मला पण कधी लागला नव्हता.”