प्रेमाचे निमित्त

गेल्या १४ फेब्रुवारीस आमच्या नातीने आम्हांला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. प्रसंग साधाच होता. ती महाविद्यालयातून घरी आली ती हातात एक तांबडा गुलाब घेऊन. तो कोणी दिला असे विचारण्याइतके आम्ही अरसिक नाही. तथापि वयपरत्वे अंगी मुरलेली उपदेशाची सवय सुटत नाही. 'प्रेम हे काय एका दिवसाचे असते? आमच्या वेळी असली थेरे नव्हती,' असे आम्ही बोलून गेलो. ती रागावली नाही. तिने शांतपणे विचारले, 'आजोबा, तुमच्या वेळी हा दिवस नव्हता, मग तुम्ही आजीला सांगितलंत तरी कोणत्या दिवशी?'

आमची पत्नी जवळच मेथी निवडीत बसली होती. तिने मान वर केली नाही. परंतु तिचा हात क्षणभर थांबला. आमच्या विवाहास आता ४६ वर्षे झाली. त्या ४६ वर्षांतील सारे दिवस आम्ही मनातल्या मनात चाळून पाहिले, आणि त्यांत तसा एकही दिवस आम्हांस सापडला नाही.

अडचणीच्या प्रश्नातून सुटण्याचा सुशिक्षितांचा राजमार्ग म्हणजे इतिहासात शिरणे. आम्हीही तोच धरला. ज्या व्हॅलेंटाइन संताच्या नावाने हा दिवस पाळला जातो, त्याच्याविषयी निश्चित असे फारच थोडे सांगता येते. प्राचीन रोममध्ये या नावाचे एकाहून अधिक हुतात्मे झाल्याची परंपरा आहे. पण त्यांपैकी कोणाचाही प्रेमिकांशी संबंध जुन्या आधारांनी सिद्ध होत नाही. १९६९ साली तर रोमन कॅथलिक धर्मपीठाने आपल्या सार्वत्रिक पंचांगातून या संताचा दिवसच वगळला. प्रेमाचा धागा या दिवसाला जोडला तो कवींनी. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर याने पक्ष्यांच्या सभेवर एक काव्य रचिले. त्यात याच दिवशी सारे पक्षी आपापला जोडीदार निवडण्यास जमतात. पुढे १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र देशभर धाडण्याची सोय झाली, आणि जे तोंडाने बोलवत नव्हते ते टपालाने बोलले जाऊ लागले. आपल्याकडे हा दिवस रूढ झाला तो १९९१ नंतर, भेटकार्डांच्या दुकानांच्या आणि दूरचित्रवाणीच्या नव्या वाहिन्यांच्या पाठोपाठ. म्हणजे संत मागे पडला, धर्मविधी मागे पडला. उरले ते केवळ निमित्त. आणि आश्चर्य असे की, तेवढ्यावर हा दिवस निर्वेधपणे चालला आहे.

'हे परक्यांचे खूळ' असे म्हणून हात झटकण्याचा मोह येथे होतो. पण नाशिकात राहणाऱ्याने तरी ते म्हणू नये. आमच्या गावाबाहेर त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, त्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या पुत्राची प्रशस्ती कोरविली आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने शकांचा उच्छेद केला, हे त्यातील वाक्य सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याच प्रशस्तीत, त्याने लोकांसाठी उत्सव आणि समाज भरविले, हाही त्याचा गुण म्हणून सांगितला आहे. मातेला पुत्राच्या पराक्रमाइतकेच त्याचे उत्सव भरविणे स्मरणीय वाटले, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते. त्याच सातवाहनांच्या कुळातील हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त गोदावरीचा तीर वारंवार येतो, आणि त्या तीरावर भेटणारी माणसेही येतात. फाल्गुनाच्या उत्सवात कोणी तरुणीच्या अंगावर चिखल माखला, तर तो दोष नव्हे, असा भाव तेथील एका गाथेत आहे. हा 'दोष नव्हे' एवढाच मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. एरवी जो अपराध ठरता, तो त्या दिवशी क्षम्य होई.

पुढे संस्कृत नाटककारांनी मदनोत्सवाचा उपयोग असाच करून घेतला. श्रीहर्षाच्या 'रत्नावली'त राणी वासवदत्ता रक्ताशोकाखाली मदनाची पूजा करते. आणि आडून पाहणाऱ्या सागरिकेला राजा उदयन हाच प्रत्यक्ष मदन वाटतो. 'मालतीमाधवा'तही नायक-नायिका भेटतात ते मदनाच्या उत्सवातच. मदनोत्सव काळाच्या ओघात लोपला. परंतु फाल्गुनातील रंग राहिला. आमच्या जुन्या नाशिकात, शनी चौकात किंवा तिवंध्यात, आजही रंगपंचमीला रहाड उघडते. पेशवाईपासूनचे म्हणून सांगितले जाणारे हे दगडी हौद वर्षभर फळ्यांनी झाकून मातीखाली बुजविलेले असतात. वरून माणसे जातात, गाड्या जातात. खाली हौद आहे याची कोणास आठवणही होत नाही. एके दिवशी माती दूर होते, रंगीत पाणी भरले जाते आणि एरवी गंभीर मुद्रेने दुकानात बसणारे गृहस्थ त्यात धाडकन उडी घेतात. आमच्या मते मनुष्याच्या मनाचीही रचना अशीच आहे. खाली हौद असतो. पण तो उघडण्यास दिवस नेमून द्यावा लागतो.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले नव्हते काय? अवश्य ओळखले होते. पतीचे नाव घ्यावयाचे नाही असा दंडक ज्या समाजात होता, त्याच समाजाने उखाणा निर्माण केला. लग्नात, मंगळागौरीत, हळदीकुंकवात चारचौघींनी आग्रह करावा, आणि लाजत, यमक जुळवीत ते नाव एकदाचे उच्चारावे. दिवाळीच्या पाडव्याला पत्नीने ओवाळावे आणि पतीने तबकात ओवाळणी घालावी. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीस काळे लुगडे नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी नटवावे. हे सारे दिवस प्रेमाचेच होत; फक्त त्यांना ते नाव नव्हते.

मग १४ फेब्रुवारीचाच एवढा राग का? बाजारूपणा हे त्याचे खरे कारण नव्हे. बाजार पाडव्यालाही भरतो, आणि सराफांची दुकाने त्या दिवशी काही ओस नसतात. शिवाय ज्या गावाला मोगलाईत गुलशनाबाद म्हणत, त्या गावाने गुलाब विकला म्हणून कपाळास आठ्या घालणे शोभत नाही. दिंडोरी तालुक्यात हरितगृहे उभारून गुलाब पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हा आठवडा वर्षाच्या बेगमीचा असतो. रागाचे मूळ निराळे आहे. आपले सारे दिवस विवाहानंतरचे. हा दिवस विवाहापूर्वीचा. चॉसरचे पक्षी जोडीदार निवडण्यासाठी जमले होते, आणि 'निवड' हा शब्द आपल्याला झोंबतो. आपल्याकडे कुळ, जात, पत्रिका आणि वडीलधारी यांच्या गाळणीतून जे खाली येई त्यालाच निवड म्हणत. आम्ही स्वतः पत्नीस विवाहापूर्वी एकदाच पाहिले, तेही पोह्यांच्या बशीवरून. आमचे सुदैव थोर, म्हणून संसार सुखाचा झाला; पण सुदैव म्हणजे व्यवस्था नव्हे. नातीच्या हातातील गुलाबात आम्हांला भय दिसले ते याचेच, की ती आम्हांस न विचारता निवडील. या भयाला आम्ही संस्कृतीचे नाव दिले होते, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.

असो. परंतु एवढे सारे सांगूनही नातीचा प्रश्न उरतोच. कारण तिने इतिहास विचारला नव्हता. ओवाळणी आम्ही दरवर्षी घातली, साडी आणली, आजारपणात उशाशी बसलो. पण 'सांगितलंत कधी?' या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे. येथे आम्हांला भवभूती आठवला. त्याच्या 'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक आमच्याच पंचवटीच्या परिसरात घडतो. त्यागाला बारा वर्षे लोटली आहेत. कुश-लवांची बारावी वर्षगाठ म्हणून भागीरथी सीतेला स्वहस्ते फुले खुडून सूर्याची पूजा करावयास सांगते. हे घरगुती व्रत हा केवळ बहाणा. राम त्या वनात येणार, तो जुन्या जागा पाहून कोसळणार, त्या वेळी सीता जवळ असावी, हा खरा हेतू. सीता अदृश्य आहे. ती नाही असे समजूनच राम आपल्या मनातले सारे बोलतो, आणि ती ते सारे ऐकते. नदीलासुद्धा त्या दोघांना एकत्र आणण्यासाठी तिथीचे निमित्त करावे लागले!

परंतु यातील मर्म आम्हांला फार उशिरा कळले. राम बोलला तो समोर कोणी नाही म्हणून. आम्हां पुरुषांपैकी पुष्कळांची गत हीच आहे. आमच्या परिचयातील कित्येक गृहस्थ पत्नीविषयी चार हळवे शब्द प्रथम बोलले ते तिच्या तेराव्याला आलेल्या माणसांपाशी. ऐकणारी तेथे नव्हती. आणि भवभूतीची भागीरथी काही प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. लोक हा दिवस का साजरा करतात, याचे उत्तर आम्हांस येथे सापडले. प्रेम एका दिवसाचे नसते हे खरेच. पण ते रोजचे असते म्हणूनच रोज राहून जाते. ऐकणारे माणूस समोर असताना बोलण्याची आठवण करून देणारा एखादा दिवस पंचांगात असावा, मग तो कोणत्या का संताच्या नावाने असेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवपूजेची फुले आणावयास सराफ बाजारात गेलो. आदल्या दिवशीचे शिल्लक गुलाब आता स्वस्त झाले होते. झेंडू, शेवंती आणि तुळस यांच्या पुडीत आम्ही एक तांबडा गुलाब घालून घेतला. उघड हातात धरून आणण्याचे धैर्य आमच्याने झाले नाही. घरी पत्नीने नेहमीप्रमाणे पुडी सोडून फुले तबकात लाविली. गुलाब हाती येताच ती थांबली. 'अहो, हे देवाचं का?' तिने विचारले.

'हो' म्हटले असते तर सारे सोपे होते. आम्ही 'नाही' म्हणालो. त्यापुढे बोलावयाचे पुष्कळ योजिले होते, पण शब्द उमटला नाही. तिने गुलाब तबकातून बाजूला काढून ठेवला, आणि देवाची पूजा आटोपल्यावर तो उचलून अंबाड्यात खोवला. दुपारी नात आली. तिने आजीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. आणि काही न विचारता ती आत निघून गेली.