कोरे पान, रिकामा पोर्ट

‘स्विच’ म्हटले की आपल्याकडे दिव्याचे बटण डोळ्यांसमोर येते. आम्ही लिहीत आहोत तो स्विच निराळा: घरातल्या संगणकांच्या तारा एकत्र आणणारा एक चपटा डबा. प्रत्येक यंत्राचा पत्ता लक्षात ठेवून तो मजकूर नेमक्या ठिकाणी पोचवतो; पूर्वीच्या हबसारखा एकाचा निरोप साऱ्या आळीला ऐकवत नाही. तारा खोचण्याच्या त्याच्या खाचांना पोर्ट म्हणतात. ते किती असावेत, यावरून भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत अख्खा पावसाळा वाद चालला.

आम्ही उभयतांपैकी एक संगणकाच्या व्यवसायातला, दुसरी मराठीची प्राध्यापिका. या घरगुती प्रयोगशाळेचे मूळ कारण मात्र अण्णांच्या हस्तलिखित वह्या. दमट हवेने पाने एकमेकांना चिकटू लागली होती. ती स्कॅन करून साठवणीच्या दोन यंत्रांत एकेक प्रत ठेवायची, असे ठरले.

हिशेब सोपा वाटला. स्कॅनरचा संगणक एक, साठवणीची यंत्रे दोन, प्रयोगासाठी जुने डेस्कटॉप तीन, वायफायचा वेगळा डबा एक. शिवाय राउटरकडे जाणारी तार. एकूण आठ. दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून आठ पोर्टांचा स्विच घेऊन आलो. एकही पोर्ट वाया गेला नाही, याचे समाधान होते.

महिन्याभरात चौथा डेस्कटॉप आला. ‘तासाभरापुरती’ म्हणून साठवणीच्या दुसऱ्या यंत्राची तार काढली, ती परत लावायची राहिली. अकराव्या दिवशी पहिल्या यंत्राची डिस्क गेली. त्या अकरा दिवसांत स्कॅन केलेल्या वहीची दुसरी प्रत कोठेच नव्हती. वही पुन्हा उघडावी लागली, आणि उघडताना तीन पाने फाटली. दोष स्विचचा नव्हता, आमचाच होता. पण जागा नसली की माणूस काय काढून टाकतो, हे त्या दिवशी कळले.

मग पुन्हा हिशेब. आठाचा आणखी एक स्विच जोडावा, तर दोघांना जोडणाऱ्या तारेत दोन्हीकडचा एकेक पोर्ट जातो. सोळाचे चौदा उरतात आणि इकडून तिकडे जाणारी सारी वर्दळ त्या एकाच तारेवर येते. चोवीसांच्या काही मोठ्या स्विचमध्ये पंखा असतो. त्याची घरघर उशाशी घेऊन झोपणे अशक्य. उरला सोळांचा, बिनपंख्याचा.

“नऊ तारांना सोळा पोर्ट म्हणजे उधळपट्टी,” हा आक्षेप शेवटपर्यंत टिकून होता. त्यावर प्राध्यापिकेने काही न बोलता अण्णांची वही पुढे ठेवली. अण्णा नेहमी डाव्या पानावर लिहीत. उजवे पान कोरे सोडत. पुढे काही सुचले, चूक सापडली, तर लिहायला जागा हवी म्हणून. बरीचशी उजवी पाने कोरीच राहिली आहेत. ती वाया गेली, असे आम्हांला कधीच वाटले नाही.

आज सोळांपैकी सात पोर्ट रिकामे आहेत. कोणतीही नवी तार आली तरी जुनी काढावी लागत नाही. फाटलेली तीन पाने आम्ही जोडून स्कॅन केली. त्यांवरच्या चार ओळी मात्र लागत नाहीत.