आबांच्या दोन पॉइंट टू-टू

गेले पंधरा दिवस घरात एकच विषय चाललाय. आबांच्या दोन रायफली ठेवायच्या, दुरुस्त करायच्या, की देऊन टाकायच्या? विषय घरचाच आहे, पण मावळात अशी बरीच घरं आहेत, म्हणून इथं मांडतोय.

आबा आता ७४ वर्षांचे. नाणे मावळात आमची भातशेती, इंद्रायणी लावतो. आजोबांच्या काळापासून शेतीरक्षणाच्या परवान्यावर बाराबोअर होती. आबांनी पुढं दोन पॉइंट टू-टू घेतल्या. एक इशापूरच्या सरकारी कारखान्याची, दुसरी जुनी विलायती बीएसए. कॉलेजात एनसीसीला याच बोअरची रायफल खांद्याला लावलेली, त्यामुळं त्यांचा जीव त्यात.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला. एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, ती दोनवर आली. जास्तीचं जमा करायला वर्षभराची मुदत होती. आबांनी बाराबोअर जमा केली आणि या दोघी ठेवल्या. शेतीचं बघायचं तर उलटं करायला हवं होतं. पॉइंट टू-टूची गोळी लागून रानडुक्कर सहसा जागेवर पडत नाही. जखमी होऊन गवतात शिरतं आणि सकाळी वैरणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारताच येत नाही. म्हणजे रात्री शेतावर आमचं खरं हत्यार काय? बॅटरी, पत्र्याचा डबा आणि फटाके. शेवटची गोळी कधी उडवली हे आबांनाही आठवत नाही.

आता रायफलींची अवस्था. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. लोणावळा पट्ट्यात वर्षाला चार-चार हजार मिलिमीटर पडतो, भिंतींना ओल येते, तिथं लोखंडाचं काय घेऊन बसलात. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळेला आचारसंहितेत हत्यारं ठाण्यात जमा केली. जमा करताना तेल लावलं नाही, परत आणल्यावर नळीत चिंधी फिरवली नाही. चूक सगळी आमची. खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचं, ओली फुलं ठेवायची आणि तशीच कपाटात ठेवून द्यायची, हेही आमचंच.

पुण्यातल्या परवानाधारक कारागिराकडे दोन्ही नेल्या. बीएसएची नळी आतून खड्डे पडून गेलेली. इशापूरचा एक्स्ट्रॅक्टर झिजलाय आणि चेंबरच्या कडेला चेप आलाय. ते कशानं, हे त्यानं समजावलं. या रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या पोकळ गोटात असतो. पिन त्या कडेवर आपटते. आत काडतूस नसताना घोडा दाबला की तीच पिन थेट चेंबरच्या लोखंडावर बसू शकते. मला लगेच आठवलं, आमचा पुतण्या मित्र आले की बोल्ट ओढून खटक-खटक करून दाखवतो. गेल्या दसऱ्याला त्याचा स्टेटसही रायफलीसकटच होता.

त्याच पुतण्याचं म्हणणं, "तात्या, दोन्ही देऊन टाका. विलायतीला गिऱ्हाईक आहे. आपण परवान्यावर पिस्तूल चढवून घेऊ. आजकाल जमिनीच्या व्यवहाराला जायचं तर कंबरेला काहीतरी लागतं."

खरं सांगतो, हे वाक्य ऐकून झोप लागली नाही. आजोबांची बंदूक पिकासाठी होती. आबांची रायफल हौसेची होती. आता तिसऱ्या पिढीला जे पाहिजे ते माणसासाठी आहे. एक्सप्रेसवे आला, बंगले आले, गुंठ्याचे भाव कुठल्या कुठं गेले, आणि हत्याराचं तोंड डुकराकडून शेजाऱ्याकडं वळलं. हे आपल्या लक्षात तरी आलं का?

मी म्हणलं, "नेमबाजी करायची तर बालेवाडीला जा, शिक." तो म्हणाला, "स्वप्नील कुसाळेनं याच बोअरवर पदक आणलं ना?" आणलं. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. कांबळवाडीचं शेतकरी भागातलं पोरगं. पण त्यामागं वर्षानुवर्षांचा सराव आहे, स्टेटस नाही. कायदासुद्धा हा फरक करतो. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याच्या सरावाच्या पॉइंट टू-टूला दोन हत्यारांची मर्यादा लागू नाही. आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आबा सत्तरीच्या पुढचे, त्यामुळं ते हयात असतानाच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. मला विचारलं. मी नाही म्हणलं. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू नको म्हणतोस ते मला पटतं रे. पण माझ्यादेखत भंगारात नको घालू." यावर काय बोलणार?

शेवटी ठरलं ते असं. बीएसए जमा करायची. ती विकायचीही नाही. कायद्यानं परवानाधारकाला विकता येते, आधी लेखी कळवून आणि ४५ दिवस थांबून. पण गेलेल्या नळीची रायफल कुणाच्या गळ्यात का मारायची? इशापूर दुरुस्त करायची, आबा आहेत तोवर आबांच्या नावावर, कपाटाला कुलूप आणि किल्ली आबांकडंच. त्यांच्यानंतर तीही जमा. पिस्तूल घरात येणार नाही. पुतण्या रुसलाय, रुसू दे.

काल आबांनी बीएसए पुसून काढली. तासभर. जमा करायची असली तरी गंजलेली देणार नाही, म्हणाले.

तुमच्याही घरात कपाटावर असं काही असेल. एकदा खाली काढा आणि घरातल्या पोरांना समोर बसवून विचारा, हे नक्की कशासाठी ठेवलंय. उत्तर ऐकून मग ठरवा.