बाबांची बारा बोर

बाबांची तेरवी आटोपली आणि आईने कपाटामागून बंदूक काढून माझ्यापुढे ठेवली. एकनळी, बारा बोरची, पिकाच्या राखणीसाठी 1984 साली घेतलेली. सोबत कातडी पट्ट्यातली अकरा काडतुसं आणि परवान्याची पुस्तिका. "घरची वस्तू आहे, घरातच राहू दे," आई म्हणाली.

मलाही तसंच वाटत होतं. हिंगणघाटहून थोडं पुढे, वणा नदीच्या अंगाला आमचं सहा एकर रान. पऱ्हाटी आणि तूर. तुरीला शेंगा धरल्या की रात्री रानडुकरं शिरतात, पहाटे रोही येतात. बाबा जागलीला जात तेव्हा बंदूक खांद्यावर असायची. लहानपणापासून मी ती नांगरासारखी, बैलगाडीसारखी घराचीच समजत आले.

धाकटा भाऊ ह्यूस्टनला असतो. फोनवर म्हणाला, "ताई, आपण एक ट्रस्ट करू. बंदूक ट्रस्टच्या नावावर, आपण सगळे विश्वस्त." त्याच्या ऑफिसातल्या एकाने सायलेन्सरसाठी तसा ट्रस्ट केलाय म्हणे. तिकडे 1934 च्या कायद्याने सायलेन्सरची सरकारकडे नोंद करावी लागते. 200 डॉलर कर होता, तो 2026 च्या सुरुवातीपासून शून्य झाला. नोंदणी मात्र कायम आहे. ट्रस्टच्या नावाने घेतला की प्रत्येक विश्वस्ताला तो कायदेशीर बाळगता येतो आणि एकजण गेला तरी वस्तू ट्रस्टकडेच राहते. 2016 पासून सगळ्या विश्वस्तांचे बोटांचे ठसे घेतात, एवढंच. मला ही कल्पना फार आवडली. बाबांची बंदूक कोणा एकाची न होता सगळ्यांची राहील, असं वाटलं.

मोठ्या उत्साहाने वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेतजमिनीसाठी, घरासाठी 1882 च्या कायद्याखाली कौटुंबिक ट्रस्ट करता येतो, म्हणाले. मग त्यांनी 1959 चा शस्त्र कायदा उघडला. बँका आणि संस्थांनाही परवाना मिळतो, पण तिथेही बंदूक हातात धरणाऱ्या माणसाचं नाव नोंदवावं लागतं. घराण्याने मिळून ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा कोणीही उचलायची, अशी सोय आपल्याकडे नाही. भावाने सांगितलेला सायलेन्सर त्याच कायद्यात सापडला. बाराचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं साधन आपला कायदा बंदुकीसारखंच शस्त्र मानतो.

मग त्यांनी विचारलं, "बंदूक आत्ता कुठे आहे?"

"घरी. कपाटामागे."

"आणि काडतुसं?"

"तिथेच."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. परवाना बाबांच्या नावाचा होता, तो बाबांसोबत संपला. त्यांच्यामागे ती बंदूक आणि ती अकरा काडतुसं विनापरवाना आमच्या घरात पडून होती. कलम 21 सांगतं की अशी वस्तू विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. माझ्या पायाखालची जमीन सरकली. जिच्या भरवशावर आम्ही निर्धास्त झोपत होतो, ती बाळगणं हाच गुन्हा झाला होता, आणि घरात कोणाला त्याची कल्पनाही नव्हती.

ठाण्यात आधी कळवलं, मग जमा केली. क्रमांक, बनावट, काडतुसं अकरा. पावती घेताना हात कापत होता. ठरल्या मुदतीत वारसाला परवाना मिळाला नाही तर ती सरकारजमा होणार.

सगळ्यात जास्त लागला तो 2016 च्या शस्त्र नियमांमधला 25 क्रमांकाचा नियम. परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, की हयातीतच त्याला वारस सुचवता येतो. बाबा 78 व्या वर्षी गेले. म्हणजे कितीतरी वर्षं ते स्वतः माझा हात धरून कलेक्टर कचेरीत नेऊ शकत होते. कोणी सांगितलंच नाही. मीही कधी विचारलं नाही.

आई परवाना घ्यायला तयार नाही, म्हणून अर्ज माझ्या नावाने. मृत्यूचा दाखला, सातबारा, डॉक्टरचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि इतर वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं. भावाने त्याचं ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवलं. बंदुकीच्या क्रमांकात त्याने 4 च्या जागी 9 लिहिला होता, म्हणून परत करावं लागलं. त्यात पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत डुकरांनी धुऱ्याकडची तूर झोपवली. परवाना असता तरी डुकराला गोळी घालायला वन विभागाची परवानगी वेगळी लागते, हेही मला आताच कळलं. बाबा एवढी वर्षं हवेतच बार का काढायचे, याचा उलगडा तेव्हा झाला.

परवा वर्ध्याला अर्ज देऊन आले. आई ओसरीत शेंगा सोलत होती. म्हणाली, "मिळाला परवाना, तर तुह्यानंतर काय?"

मी 46 ची आहे. पंचवीस वर्षांच्या आधी सत्तरी येईल. मुलीला हाक मारून बोलावलं आणि नियम 25 तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला.