मिटलेल्या छत्रीचं गाव

अकोल्याहून वाशिमच्या रस्त्याला बाइक काढली की साधारण तीस किलोमीटरवर पातूर येतं. वीकएंडला इथे येणाऱ्यांचा प्लॅन ठरलेला: डोंगरात कोरलेली जुनी लेणी आणि टेकडीवरची रेणुकामाता. मी मात्र या वेळी गेटं बघत हिंडलो. नवा बंगला असो की मंगल कार्यालय, दारात एकच झाड. उंच, सडपातळ, मिटलेल्या हिरव्या छत्रीसारखं. आपला अशोक!

गंमत म्हणजे हा सीतेचा अशोक नव्हेच. तो वेगळा, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. हा 'खोटा अशोक'. याची फुलं पोपटी, चांदणीसारखी, पानांआड लपलेली. मूळ दक्षिण भारत आणि श्रीलंकेचं, आणि कुळ चक्क सीताफळाचं! बारा महिने हिरवा, पानांच्या कडा नागमोडी, फांद्या खोडाला बिलगून खाली झुकलेल्या. जागा जेमतेम चार-पाच फूट घेतो. अरुंद कम्पाउंडला एकदम फिट.

पण वऱ्हाडातला मे महिना म्हणजे पंचेचाळीसची गोष्ट. अशोकाखाली बाइक लावून मी चहा प्यायला गेलो, परत आलो तर सीटचा तवा झालेला. टपरीवाले काका हसले, "सावली पायजे असंन त निंब लावा भाऊ. हा तं शोभेचा हाये."

काकांचा मुद्दा पक्का आहे. याच जातीचं मूळ झाड चांगलं पसरतं, सावलीही देतं. झुकल्या फांद्यांचा हा बारीक प्रकार माणसानेच शोभेसाठी निवडून वाढवला. सावली गेली ती तिथे.

म्हणून गावाकडे आई-बाबांसाठी घर बांधत असाल तर फंडा सिंपल ठेवा. भिंतीलगत आडोसा हवा, तिथे अशोक. पश्चिमेला, जिथून दुपारचं ऊन येतं, तिथे निंब. तो उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो आणि मेपर्यंत पुन्हा गच्च भरतो. अशोकाला पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, शेंडा छाटू नका आणि औषध फवारायची घाई नको. टेल्ड जे फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात, आणि जांभळी-काळी फळं पिकली की कोकिळा हजर होतात.