कुंभार्लीच्या अलीकडे

कोकणात उतरायला सह्याद्रीने वाटा पुष्कळ ठेवल्या आहेत. आंबा घाट अधिक देखणा, आंबोली अधिक नावाजलेली, हे मान्य; पण आमचा जीव कुंभार्लीवर! पुण्याहून साताऱ्यावरून उंब्रजला यावे, तिथे हमरस्ता सोडून मल्हारपेठ, पाटण करीत हेळवाक गाठावे. पाटणपासून पुढे कोयना सोबतीला असते. ही नदी मोठी मजेची. महाबळेश्वराहून निघते ती थेट दक्षिणेला धावत सुटते, आणि हेळवाकपाशी काय मनात येते कोण जाणे, काटकोनात पूर्वेला वळते. एवढे मोठे वळण, पण कुठे धसका नाही की कुरकुर नाही!

आमच्या गाडीला मात्र वळणे जड जाऊ लागली होती. पद्मिनी १९९१ सालची, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली, जुन्या फियाट अकराशेच्या घराण्यातली. तिच्या काळ्यापिवळ्या बहिणी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत राबल्या, तेव्हा कुळाच्या चिवटपणाविषयी शंका नको. पण वय कोणाला चुकले आहे? गेल्या आश्विनात चिपळूणला मावशींच्या पंचाहत्तरीला सहकुटुंब निघालो, आणि उंब्रज सोडल्यावर सौ. म्हणाली, "अहो, रस्ता तर सरळ आहे. मग तुम्ही चाक सारखं का हलवताय?"

प्रश्न बिनतोड होता. चाक थोडे फिरवावे तर गाडीने ऐकलेच नाही असे दाखवावे, आणि आणखी थोडे फिरवताच एकदम वळावे. शिवाय खड्ड्यात पुढचे डावे चाक गेले की खालून 'टक्' असा आवाज. सपाटीवर हे चालवून घेता येते. पुढे कुंभार्लीचा उतार होता, आणि मागच्या सीटवर दोन मुले होती.

पाटणला एक मिस्त्री भेटले. साठीचे, हातात विडी, तोंडात सातारी बोली. मी म्हटले, "स्टिअरिंग बॉक्स जरा आवळून देता का?" तो स्क्रू बॉक्सच्या वरच असतो आणि फिरवायला दोन मिनिटे पुरतात, एवढे मला ठाऊक होते.

"आवळतो की," मिस्त्री म्हणाले, "पण रोग तिथं नसंल तर? बॉक्स मधोमध झिजतो, सर. सरळ रस्त्याचा लूजपणा काढाया म्हणून आवळला, की वळणावर जाम हुतो. मग चाक आपणहून माघारी येत न्हाई. घाटात ते लई वाईट."

मग त्यांनी जे केले ते पाहून मला आमच्या वर्गातले वाक्यपृथक्करण आठवले. कर्ता, कर्म, क्रियापद वेगवेगळे काढल्याशिवाय वाक्याला नावे ठेवायची नाहीत! इंजिन बंद, चाके सरळ. पोराला आत बसवून स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवायला लावले आणि स्वतः बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. रिमवर एखाद-दोन बोटांचा प्ले जुन्या गाडीला चालतो. आमचा चांगला चार बोटे भरला. हातातली ही हालचाल बॉक्समधून आर्मला, आर्मपासून रॉडला, रॉडपासून चाकाला पोचायची. ती कुठे अडते, एवढेच पाहायचे. बॉक्सचा आर्म वेळेवर हलत होता. डाव्या टाय रॉडपाशी मात्र रॉड पुढे जाई आणि चाकाचा आर्म मागाहून, जणू विचार करून, हले. दोहोंमधला एन्ड, म्हणजे आतला गोळा आणि त्याची वाटी, पार झिजून गेला होता.

मला वाटले, झाले निदान. पण आवाजाचा हिशेब अजून लागायचा होता. त्यांनी खालच्या आर्मला जॅक लावून डावे चाक उचलले, लाकडी ठोकळे सरकवले आणि चाक वर-खाली धरून हलवले. खटखट! "आता ब्रेक दाबा," म्हणाले. मी दाबला. ब्रेकने खटखट थांबली तर बेअरिंगचा दोष, न थांबली तर किंगपिनचा. ती कमी झाली, पण थांबली नाही. म्हणजे बेअरिंग थोडे सैल, आणि किंगपिनचे बुशही झिजलेले. निपलला ग्रीस लावल्याची खूणही नव्हती! पुण्यात महिन्यापूर्वीच एका गॅरेजने सर्व्हिसिंगचे बिल लावले होते. ते बिल अजून माझ्याजवळ आहे.

"हळूहळू गेलो तर?" सौ.ने विचारले.

मिस्त्री तिच्याकडे न पाहता म्हणाले, "किंगपिन दोन महिनं ग्रीसवर काढंल, वहिनी. ह्यो एन्ड निसटला तर दोन चाकं दोन गावाला जात्यात."

सौ.ने पुढे विचारले नाही. ती मुलांना घेऊन चिपळूणच्या एस. टी.त बसली, आणि पोरगा कराडला पिटाळला गेला. पद्मिनीचा एन्ड आता कोणत्याही दुकानात मिळत नाही. तिसऱ्या दुकानात धुळीने भरलेल्या खोक्यात तो सापडला. जुना काढण्यापूर्वी मिस्त्रींनी रॉडवरचे उघडे आटे मोजले आणि नवा तितक्याच आट्यांवर बसवला, म्हणजे चाकांची रेघ फारशी बिघडायची नाही. बेअरिंगचा नट अदमासाने आवळला, निपलातून जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे दाबले, आणि बॉक्सच्या स्क्रूला शेवटपर्यंत पाना लावला नाही. तरी रिमवरचा प्ले दोन बोटांवर आला! "बुश पुण्याला दोन्ही बाजूंचं बदला, रीमर मारून," त्यांनी बजावले. "आन् घाट उतरल्यावर वाकून कॉटर पिन बघा."

रात्र पाटणला काढून सकाळी निघालो. हेळवाक मागे पडले, धुके निवळले, आणि उजव्या हाताच्या कड्यावर सोनकीचा पिवळा पट्टा दिसू लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर भरलेला ट्रक वर येताना समोर आला. त्याने अर्धा रस्ता जास्तच घेतला होता. मी चाक डावीकडे दिले, आणि गाडी त्याच क्षणी डावीकडे झाली.

पोफळीला गाडी थांबवली, वाकून पाहिले. पिन जागेवर होती. टपरीवर एक चहा घेतला आणि चिपळूणची वाट धरली. मावशींची पंगत बाराला बसणार होती.