सही कोणाची आणि शिक्षा कोणाला?

थोडं मोठं झालंय. अर्धवट वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. गर्भपात म्हणजे देवाच्या न्यायात ढवळाढवळ, ज्याचं त्याचं कर्म भोगूनच संपवायचं असतं, वगैरे. खाली धडाधड जोडलेले हात. मी काही लिहिलं नाही, पण रात्री झोप लागली नाही. म्हणून इथे लिहितोय. बायकोला आधी वाचून दाखवलंय, तिची हरकत नाही.

२०१४ ची गोष्ट. मोशीत भाड्याने राहत होतो, चाकणला एका व्हेंडर कंपनीत प्रेसशॉपला होतो. लग्नाला चार वर्षं झालेली, पहिलंच बाळ. १९ व्या आठवड्यातल्या सोनोग्राफीला सेकंड शिफ्ट बुडवून गेलो. डॉक्टर बोलता बोलता एकदम गप्प झाले. बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झाली नव्हती, मेंदूचा बराचसा भागही नव्हता. अशी बाळं पोटातच जातात, नाहीतर जन्मल्यावर काही तासांत, फार तर काही दिवसांत. उपाय नाही. तेव्हा कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची. आमच्या हातात पाच दिवस होते.

त्या पाच दिवसांत घरात सगळं धर्मशास्त्र बोलून झालं. नात्यातल्या एका काकू म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार गं." बायको तोवर रडतच होती. ती शांतपणे म्हणाली, "पाप माझं असेल तर शिक्षा याला का? आणि याचं असेल तर मला फक्त एवढं सांगा, यानं केलं काय?" कोणी उत्तर दिलं नाही.

मी पुढे बरंच वाचलं. भ्रूणहत्या हे महापाप, असं आपल्या धर्मग्रंथांत आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण गर्भोपनिषद म्हणतं की गर्भात जीव येतो सातव्या महिन्यात. मुस्लिम शास्त्रींपैकी अनेकांनी १२० दिवसांची रेषा मानली. कॅथलिक चर्च पहिल्या क्षणापासून जीव मानतं. म्हणजे देवाच्या मनात काय आहे यावर माणसांचंच एकमत नाही. आणि कर्म भोगूनच संपवायचं असेल, तर आपण बायपास का करतो? तीही ढवळाढवळच की.

यावर लोक म्हणतात, बायपास जीव वाचवते, हे जीव घेतं. हा मुद्दा खरा आहे. तो जीव नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही. त्याचे ठोके आम्ही ऐकले होते. प्रश्न एवढाच होता की जे जगणारच नाही, ते बायकोने आणखी चार-साडेचार महिने पोटात वाढवायचं का. डोहाळजेवण कधी, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देत.

माझी आई वारकरी. मला वाटलं, ती विरोध करणार. ती म्हणाली, "आळंदीत विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते पंडितांनी. गुन्हा आईबापाचा म्हणाले आणि चार पोरं उघड्यावर पडली. तो न्याय देवाचा होता का रे? माणसांनी केला आणि देवाच्या नावावर खपवला. आज आपण त्या पोरांच्याच पायावर डोकं ठेवतो." मग म्हणाली, "मला विचारू नको. तिला विचार."

तिने ठरवलं. हॉस्पिटलात काउंटरवर सांगितलं, नवऱ्याची सही पाहिजे. कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मुकाट सही केली. तिथल्याच एक बाई हळूच म्हणाल्या, "मुलगी होती का?"

राग आला, पण त्या बाईंचं तरी काय चुकलं? ज्या समाजात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली निघतात, २०१७ मध्ये म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडतात, तिथे संशय येणारच. त्या वेळी देवाच्या न्यायाचे मेसेज किती फिरले, आठवून बघा.

पुण्यात १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवेने बाळाला मारू नये, इथे येऊन सुखरूप बाळंत व्हावं म्हणून. तिथेच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं. जीव वाचवायचा म्हणणाऱ्यांनी हे करावं. त्यात खर्च होतो, लोकांच्या शिव्या खाव्या लागतात.

२००८ मध्ये निकेता मेहता हायकोर्टात गेल्या. बाळाच्या हृदयात दोष, २० आठवडे उलटून गेलेले. परवानगी मिळाली नाही आणि काही दिवसांत गर्भ आपोआपच पडला. कायदा बदलायला २०२१ उजाडलं. आता ठरावीक कारणांसाठी २४ आठवडे, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या मंजुरीने त्यापुढेही. प्रश्न सगळे सुटलेत असं नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात २६ आठवड्यांचं प्रकरण आलं, तेव्हा आधी दोन न्यायमूर्तींचंच एकमत होईना. शेवटी तीन जणांच्या पीठाने परवानगी नाकारली. इतकं ते अवघड आहे. आणि आपण व्हॉट्सॲपवर दोन ओळींत निकाल देतो.

आम्हाला आता मुलगी आहे, तिसरीत शिकते. बायको तरीही दर कार्तिकीला आळंदीला जाते आणि इंद्रायणीकाठी थोडा वेळ एकटीच बसते. मी काही विचारत नाही.

त्या वेळी शेजारच्या एक ताई आठ दिवस डबा देत होत्या. कारण विचारलं नाही, पाप-पुण्य काढलं नाही. दारात डबा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "गरम आहे, खाऊन घ्या."

तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणावर अशी वेळ आली, तर फॉरवर्ड नका पाठवू. डबा द्या. असो.